खो मिळाला की उठायचं

हातातलं काम चालूच राहू द्या. शेंगा निवडत असाल, भाकरी थापत असाल, तर थापता थापताच ऐका.

आजचा विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीत निघाला. नोव्हेंबरची बैठक होती. त्या वर्षी अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं, कापूस काळा पडला. त्यामुळं हप्त्याचं बोलताना कुणाच्याच तोंडावर हसू नव्हतं. तेवढ्यात एकीनं विचारलं, "रविवारी रात्री म्याच कुणी कुणी बघितली गं?" आणि बैठकीचा रंगच पालटला. हिनं लेकाच्या मोबाइलवर बघितली, तिनं शेजारच्या टीव्हीवर. एक मावशी म्हणाल्या, "मला कशातलं काय कळत नाही माय. पण बारा वाजून गेले तरी जागी होते. पोरींनी कप उचलला अन् मला रडूच आलं."

ती मॅच २ नोव्हेंबर २०२५ ची. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आपल्या मुलींनी २९८ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेला २४६ वर बाद केलं आणि ५२ धावांनी जिंकल्या. याआधी दोनदा आपण अंतिम सामन्यात हरलो होतो, २००५ साली आणि २०१७ साली. २०१७ ला तर फक्त ९ धावांनी. त्यामुळं हा कप पहिलाच.

मग ज्या त्या बाईला आपले दिवस आठवले. कुणी लंगडीत पुढं होती, कुणी कबड्डीत, कुणी चिंचेच्या झाडावर सगळ्यांत वर चढायची. गटातल्या एक काकू, आता साठीच्या आहेत, त्या म्हणाल्या, "मी खो-खोत होते. खांब मारायला माझ्यासारखी कुणी नव्हती." आम्हाला पंधरा वर्षांत हे माहीत नव्हतं! आम्ही म्हटलं, मग पुढं काय झालं? त्या म्हणाल्या, "शाळेतून नाव निघालं. परभणीला दोन दिवस मुक्कामी जायचं होतं. घरी म्हणाले, पोरीची जात, रात्री बाहेर ऱ्हायची? नाही गेले. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं."

त्यावर कुणीच काही बोललं नाही. मी घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. म्हणून आज खो-खोच समजून घेऊ. त्याच्या नियमांत आपल्या कामाचं बरंच काही आहे.

खो-खोचं गणित

दोन खांब. त्यांच्या मध्ये एका रेषेत आठ चौकोन, आणि त्यात आठ जणी बसलेल्या. एकीचं तोंड इकडं, तर दुसरीचं तिकडं. नववी पळते आणि समोरच्या संघातल्या मुलींना पकडते. त्या मुली तिघी-तिघी करून मैदानात येतात. पकडणारीला मधली रेष ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं फिरता येत नाही. पळणारी मात्र मोकळी, बसलेल्या मुलींच्या मधून कुठूनही निसटू शकते. मग एकटी पकडणारी तिला कशी गाठणार? तिला खो द्यावा लागतो. बसलेल्या मुलीच्या पाठीमागून हात लावून 'खो' म्हणायचं. ती उठते आणि पळते, आणि ही तिच्या जागेवर बसते.

यातली मेख अशी की बसलेलीला आपल्या मनानं उठता येत नाही. ती कितीही चपळ असली, पळणारी तिच्या नाकासमोरून गेली, तरी मागून खो आल्याशिवाय उठली तर तो फाउल. तिच्या हातात एवढंच, की एक पाय पुढं टाकून, हात टेकून तयार बसायचं.

हा खेळ आपल्याच मातीतला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं त्याचे नियम बांधले. मोठ्यांच्या सामन्यात एका पाळीला ९ मिनिटं असतात. ९ मिनिटांत चहासुद्धा नीट उकळत नाही, पण तेवढ्यात खेळणारीचा जीव मेटाकुटीला येतो.

आपल्या शेजारच्या मुली

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे. ती मूळची बीड जिल्ह्यातली, म्हणजे आपल्या शेजारची.

दुसरा शेजार धाराशिवचा. तिथली सारिका काळे भारताच्या खो-खो संघाची कर्णधार होती. तिच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत संघानं सुवर्णपदक घेतलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी मिळाला होता. लहानपणी घरात दिवसातून एकच वेळ जेवण असायचं, हे तिनं स्वतः सांगितलेलं आहे. खेळातूनच ती पुढं तालुका क्रीडा अधिकारी झाली.

तिसरी गोष्ट ललिता बाबरची. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव, दुष्काळी भाग. तीही आधी खो-खोच खेळायची, मग पळू लागली. तिच्या शर्यतीचं नाव स्टीपलचेस. नाव अवघड आहे, पण शर्यत आपल्याला लगेच कळेल. शेताचे बांध ओलांडत आणि मधून मधून ओढ्यात उडी मारत तीन किलोमीटर पळायचं. पळताना अडीच फूट उंचीचे अडथळे २८ वेळा, आणि पाण्यावरची उडी ७ वेळा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ललितानं हे अंतर ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पार केलं आणि अंतिम फेरी गाठली. तिथं ती दहावी आली.

तुम्ही म्हणाल, दहावी आली त्यात काय मोठं? तर ऐका. पळण्याच्या शर्यतीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत जाणारी तिच्या आधीची भारतीय बाई म्हणजे पी. टी. उषा. साल १९८४. मध्ये ३२ वर्षं गेली. बत्तीस वर्षांत लेक सासरी जाते आणि तिचीही लेक लग्नाला येते. आणि उषाचं तेव्हाचं पदक कशानं हुकलं? ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिसरी आली तिची वेळ ५५.४१ सेकंद, उषाची ५५.४२. एका सेकंदाचे शंभर भाग करा, त्यातल्या एका भागानं. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

एवढी वर्षं का लागतात?

अशा मोठ्या गोष्टी इतक्या क्वचित का घडतात? आपल्याकडं अंगात दम असलेली माणसं कमी आहेत का? मुळीच नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बाईला कुणी दम शिकवायला नको. कमी पडतो तो मागचा हात.

खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं, तर पैशाची अडचण. गावोगाव वर्गणी गोळा झाली. त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्या आजोबांच्या पिढीला ही गोष्ट तोंडपाठ होती.

पण त्यानंतर देशाला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, म्हणजे ४४ वर्षं. आणि महाराष्ट्राला? २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक घेतलं, तोवर ७२ वर्षं झाली होती. बहात्तर वर्षांत या राज्यात किती दमदार पोरं-पोरी जन्मली असतील! त्यातल्या कितीकांसाठी कुणी घर गहाण टाकलं? घर जाऊ द्या, दोन दिवसांच्या मुक्कामाला तरी कुणी पाठवलं?

ज्याला खो मिळालाच नाही

आता पुन्हा त्या क्रिकेटच्या कपाकडं येऊ. मुलींच्या गराड्यात एक गंभीर चेहऱ्याचा माणूस तुम्ही बघितला असेल. ते त्यांचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार, मुंबईचे.

१९८८ ची गोष्ट. मुंबईच्या आझाद मैदानावर शाळांची मॅच होती. शारदाश्रम शाळेकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी खेळत होते. दोघांनी नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. तो तेव्हा जगाचा विक्रम झाला, पुढे २००६ साली तो मोडला. या भागीदारीची आठवण आजही निघते. पण दोघांनंतर ज्याची पाळी होती तो मुलगा पायाला पॅड बांधून बसून राहिला. हे दोघं बाद होईनात आणि त्याची पाळी येईना. तो मुलगा अमोल मुजुमदार.

पुढं मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी २६० धावा केल्या. देशातल्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा काढल्या. तरी भारताच्या संघात त्यांना एकदाही जागा मिळाली नाही. सगळं आयुष्य चौकोनात तयार बसले, पण मागून खो आलाच नाही. असा माणूस कडू होऊन घरी बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. ते मात्र पोरींच्या मागं उभे राहिले.

त्याच संघातली शफाली वर्मा बघा. तिचं नाव सुरुवातीला संघात नव्हतंच. ऐनवेळी एक मुलगी जखमी झाली म्हणून तिला बोलावलं. अंतिम सामन्यात तिनं ८७ धावा काढल्या आणि वर दोन बळी घेतले. बोलावणं आलं तेव्हा ती तयार होती, हे महत्त्वाचं. दीप्ती शर्मानं ५८ धावा आणि पाच बळी घेतले. उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केल्या, तेव्हा तर ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं लक्ष्य आपण गाठलं. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढं मोठं लक्ष्य याआधी कुणी गाठलं नव्हतं.

या मुलींच्याही आधीच्या पिढ्या आहेत. भारताच्या बायका पहिला कसोटी सामना १९७६ साली खेळल्या. आरक्षण नसलेल्या डब्यातून त्या प्रवास करायच्या, मिळेल तिथं जमिनीवर झोपायच्या. त्यांच्या हाती कप आला नाही, पण खो त्यांनीच दिलेला आहे.

आता आपण काय करायचं?

मैत्रिणींनो, आपल्यातल्या पुष्कळ जणी त्या काकूंसारख्या चौकोनातच बसून राहिल्या. ते दिवस परत येणार नाहीत. पण आपल्या पुढं कोण बसलंय ते बघा. लेक असेल, नात असेल, जावेची पोर असेल.

शाळेच्या स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. मुलगी सातवी-आठवीपर्यंत खेळते आणि पाळी सुरू झाली की घरी बसते, तिथंच साखळी तुटते. पाळीत खेळू नये असं काही नाही. तिला झेपेल तसं खेळू द्यावं, फार दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. मुठभर शेंगदाणे, गूळ, उसळ, जमलं तर अंडं, एवढं तिच्या ताटात रोज पडू द्या. भावाच्या ताटात पडतं तेवढंच.

मुक्कामी जायचं असेल तर नाही म्हणण्याआधी शाळेत जाऊन विचारा. सोबत बाई शिक्षिका आहेत का, राहायची सोय कुठं, फोन कुणाचा? तरी मन धजत नसेल तर गटातली एक जण सोबत पाठवा. आणि खेळाची प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत कोंबू नका, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवा. ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना महाराष्ट्रात सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. कोणती स्पर्धा त्यात धरतात, हे परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येतं.

शेवटची एक गोष्ट. खाशाबा जाधवांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. २०२६ च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याला बरोबर शंभर वर्षं. हाच दिवस आपलं राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं. हळदीकुंकवाचेही तेच दिवस. आमच्या गटानं ठरवलंय की यंदा वाण लुटून झालं की शाळेच्या मैदानावर खो-खोचा एक डाव टाकायचा. सवाष्ण, विधवा असा भेद न करता सगळ्यांना बोलवायचं. पदर खोचायचा आणि पोरींसोबत पळायचं.

काकूंना आम्ही म्हटलं, तुम्ही पंच व्हा. तर म्हणाल्या, "पंच कशाला? गुडघे दुखतात, पळणं होणार नाही. पण मला चौकोनात बसवा. नातीला खो मीच देणार."

तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढंच विचारा: लहानपणी तू काय खेळायचीस? उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. येते मी. नमस्कार.