कुठे उतरणार?

बदलापूरहून सीएसएमटीकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये अनोळखी माणसाला पहिला प्रश्न एकच विचारतात: "कुठे उतरणार?" "ठाणे." झालं, त्याची सीट विचारणाऱ्याच्या नावावर लागली.

या व्यवहारात एक अजब गोष्ट आपोआप घडते. कल्याण येईपर्यंत कोण कुठे उतरणार, याची मोजदाद सगळ्या डब्याकडे तयार असते. ठाण्याचा माणूस उतरला आणि रॅकवर सॅक राहिली, तर लगेच आरोळी उठते, "ही बॅग कुणाची?" ती सॅक वर चढलेली असते चार परक्या हातांतून, मालक दारात लटकलेला असताना! सुमारे ६८ किलोमीटरचा हा प्रवास, वर्षानुवर्षं तीच गाडी, तोच डबा. दसऱ्याला डब्याला हार चढतात, संक्रांतीला लेडीज डब्यात हळदीकुंकू होतं. पाकीटमाराला गर्दी हवीच असते, पण एकमेकांना न ओळखणाऱ्यांची. इथे त्याची पंचाईत होते. (याच रोजच्या प्रवाशांच्या ग्रुपची दादागिरी अंबरनाथ-उल्हासनगरला चढणाऱ्यांना विचारा, ओळखीच्या माणसांची भिंत नवख्यालाही बाहेर ठेवते.)

अशा ओळखीने वस्तीही सुरक्षित होते का, हे पाहायला शिकागोत समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांना असेच साधे प्रश्न विचारले होते. शाळा बुडवून नाक्यावर उभ्या पोरांना शेजारी हटकतील का? १९९७ साली निष्कर्ष छापून आले. जिथे परस्परांवर भरवसा होता आणि हटकायची तयारी होती, तिथे हिंसाचार कमी होता, आणि गरिबीचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरला. हटकायला गळ्यात गळा घालणारी मैत्री लागत नाही, तोंडओळख पुरते, हे मला त्यातलं सर्वांत नवलाचं वाटतं.

त्याआधीच, १९६१ साली, शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी लिहिलं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्यावर खिळलेले डोळे: दुकानदारांचे, खिडकीत बसलेल्यांचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. आमच्या लोकलच्या वाटेवरच्या उल्हासनगरला ही डोळ्यांची राखण कुणी आखून दिली नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि एकेका बराकीत अनेक संसार थाटले गेले. आजही इथले पत्ते बराक नंबरानेच सांगतात. घराला लागून धंदा असला की गल्ल्यावरचा माणूस गिऱ्हाइकाची वाट पाहता पाहता फुकटात गल्लीही राखतो.

पण हे डोळे बंद दाराशी थांबतात. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराने ते २०२४ साली दाखवून दिलं. २० ऑगस्टला हजारो लोक रुळांवर उतरले, गाड्या तासन्‌तास अडकल्या. एवढी सगळी माणसं त्या भिंतींपलीकडे पाहू शकली नव्हती. तिथे कडक नियम आणि तपासणीच लागते.

तोंडओळख मुद्दाम जमवता येते का? याच ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत १९८४ ला भीषण दंगल झाली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांचे शेजारी आणि पोलीस नियमाने एकत्र बसू लागले; किरकोळ कुरबुरीही तिथेच मिटू लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.