चंचल मूल आणि त्याचा मेंदू

अभ्यासाला बसवले की पाच मिनिटांत पाणी प्यायला उठणारे, रोज डबा नाहीतर कंपासपेटी शाळेत विसरून येणारे, समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर देऊन मोकळे होणारे मूल आपल्या नात्यात एखादे तरी असते. आजी त्याला भिंगरी म्हणते, मास्तर वांड म्हणतात, आणि 'आईने वळण लावले नाही' हा ठपका शेवटी आईच्याच पदरात पडतो. हा विषय मी निवडला तो मुख्यतः त्या ठपक्यासाठी.

वैद्यकात या अवस्थेला अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी. मोबाइलने आणलेले हे नवे खूळ आहे, असे पुष्कळांना वाटते. पण १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या व्याख्यानांत अशाच, बुद्धीने कमी नसलेल्या मुलांचे वर्णन केले होते. त्यांनी दोष दिला तो नैतिक संयमाच्या अभावाला! मेंदूकडे बघायची साधने तेव्हा नव्हती.

ती आली तेव्हा चित्र पालटले. मेंदूचे इंधन म्हणजे साखर. लहानपणापासून अतिचंचल असलेल्या काही प्रौढांना १९९० साली अमेरिकेत एकाग्रतेचे काम देऊन तपासले, तर त्यांचा मेंदू इतरांपेक्षा सरासरी आठ टक्के कमी साखर वापरत होता. सर्वांत जास्त घट आढळली ती कपाळाकडच्या भागांतल्या काही ठिकाणी. थांब, आधी हे पुरे कर, मग ते, असे सांगणारा मुकादम याच बाजूला बसतो. २००७ साली असा त्रास असलेल्या २२३ मुलांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना झाली. मेंदूच्या बाह्यावरणाचा बराचसा भाग पूर्ण जाडीला पोचण्याचे वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षे, तर या मुलांत साडेदहा निघाले. क्रम तोच, वेळ उशिराची. उलट हालचालींचा भाग त्यांच्यात किंचित लवकरच पक्व झाला होता. गाडीला इंजिन आधी आणि ब्रेक मागाहून मिळावा, तसे हे आहे.

औषधाची गोष्ट योगायोगाची आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी तपासणीनंतर डोके दुखणाऱ्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिले. डोकेदुखीचे राहू द्या, तीस मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अभ्यास एकदम सुधारला. चंचल मुलाला उत्तेजक द्यायचे, हे आपल्याला उफराटे वाटते. पण उत्तेजन मिळते ते मुकादमाला. आज वापरात असलेले मिथाइलफेनिडेट डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायने पेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकवते, त्यामुळे 'थांब' हा निरोप नीट पोचतो. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, उंची-वजन किंचित रेंगाळणे हे त्याचे तोटे. म्हणून वजन, उंची, रक्तदाब यांची नोंद ठेवावी लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही, आणि मिळूही नये. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी आईवडिलांनाच शिकवतात: सूचना एका वेळी एकच, काम लहान तुकड्यांत, शाबासकी तिथल्या तिथे.

औषध किती पुरते? १९९९ साली ५७९ मुलांवरचा चौदा महिन्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुख्य लक्षणांवर नीट देखरेखीखाली दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. तीन वर्षांनी पाहिले, तर गटांतला फरक उरला नव्हता. म्हणजे गोळी सुरू केली आणि सुटलो, असे होत नाही.

आता आपल्या बेल्लमपल्लीकडे येऊ. आपल्या घरात मराठी, गल्लीत तेलुगू, शाळेत तेलुगू नाहीतर इंग्रजी. पहिलीतले मूल वर्गात खिडकीबाहेर बघत बसते ते कदाचित बाईंचे बोलणे कळत नाही म्हणून. तेच मूल घरी मराठी गोष्ट शेवटपर्यंत ऐकते का, हे आधी बघावे. ऐकत असेल तर अडचण बहुधा भाषेची आहे. खऱ्या अतिचंचलतेची लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू होतात, सहा महिन्यांहून अधिक टिकतात आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसतात. कमी ऐकू येणे, अपुरी झोप, काही क्षण शून्यात बघायला लावणारी एक प्रकारची फिट, यांचीही गल्लत होते. ती डॉक्टरांनी तपासून बाजूला काढायची. डोक्याला तारा लावून 'मेंदूचा नकाशा' काढणाऱ्यांच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. केवळ त्या आलेखावरून हे निदान होत नाही.

तज्ज्ञ गाठायचा तर काजीपेटमार्गे हैदराबाद, एर्रागड्डाची मानसिक आरोग्य संस्था आहे. मराठीतच बोलायचे असेल तर बल्लारशामार्गे चंद्रपूर-नागपूर. निघण्याआधी १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. जाताना मुलाच्या दोन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तक आणि वर्गशिक्षकांनी लिहिलेली चिठ्ठी बरोबर न्यावी. डॉक्टरांच्या खोलीतल्या पंधरा मिनिटांत अतिचंचल मूलसुद्धा कधीकधी अगदी शहाण्यासारखे बसते.