क्लच लागत नाही, म्हणून गॅस संपला?

मंडळी, मे महिन्यात किंग्ज सर्कलच्या गर्दीत गाडी अडकली आणि एसीतून गरम वारा यायला लागला, की निदान ठरलेलं: "गॅस संपला." माझ्या गाडीत तो दोनदा काढून पुन्हा भरला. दोन्ही वेळा एसी लगेच सुरू झाला आणि पुढच्या गर्दीत परत बंद.

तर्कसंग्रहातला धूर आणि अग्नी आठवा. धूर तिथे अग्नी, हे खरं. अग्नी तिथे धूर, हे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. तसंच, गॅस फार कमी झाला तर क्लच लागत नाही, पण क्लच लागला नाही म्हणून गॅस कमी, असं उलटं जाता येत नाही.

आता यंत्र बघा. इंजिन चालू असताना कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर फिरतच असते. एसी लावला की क्लचच्या कॉइलमध्ये वीज जाते, चुंबक प्लेट ओढतो, 'टक्' असं ऐकू येतं आणि कॉम्प्रेसर फिरतो. (काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतोच.) ती वीज फ्यूज, रिले, प्रेशर स्विच यांच्यामुळे पोचते किंवा अडते.

म्हणून मल्टिमीटर आधी कॉइलवर, एसी चालू ठेवून. हात पट्ट्यापासून लांब! आणि कनेक्टर जोडलेलाच ठेवायचा. सुटा करून मोजलात तर गंजलेला जोडही बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ ओढत नाही. कॉइल तीन-चार अँपिअर मागते, तेव्हा जोडाचं पितळ उघडं पडतं. व्होल्ट पुरे, तरी 'टक्' नाही, तर दोष क्लचमध्ये. व्होल्ट नाहीत, तर मागे जायचं.

मागे जाताना एक मोह होतो: प्रेशर स्विचला तार लावून बायपास करायचं. क्लच लागला की म्हणायचं, स्विच खराब! अहो, तो कदाचित खरंच सांगत असेल की दाब नाही. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅसशिवाय चालवलात तर कॉम्प्रेसर जाम होतो, आणि तो खर्च मोठा. आधी गेज लावून दाब बघा.

माझ्या गाडीत दाब बरोबर होता, व्होल्टही पुरे. तांबं साठ अंश तापलं की त्याचा रोध साधारण पावपट वाढतो, प्रवाह घटतो, चुंबक दुबळा होतो. त्यात झिजून प्लेटमधलं अंतर वाढलेलं. मग गॅस भरल्यावर एसी का चालला? गॅरेजमध्ये तासभर उभी राहून कॉइल थंड झाली होती, म्हणून! आतली एक पातळ चकती काढून अंतर कमी केलं, आणि आता भर दुपारीही 'टक्' ऐकू येतं.