फोन चार्ज होत नाहीये? आधी खिसा आठवा!

रात्रीचे अकरा, सकाळी परीक्षा, हॉल तिकीट फोनमध्ये आणि चार्जिंगचं चिन्हच येत नाहीये. घाबरू नका. आधी केबल आणि अ‍ॅडॉप्टर बदलून बघा. बॅटरी पूर्ण संपली असेल तर अर्धा तास तसंच लावून ठेवा. तरी नाही? मग दुसऱ्या फोनचा टॉर्च मारून पोर्टमध्ये डोकवा. जीन्सच्या खिशातला कचरा तिथे दाबून बसतो. केबल पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हळूच काढा. सुई अजिबात नको, आतल्या पिना खराब होतात. पोर्ट ओला असेल तर वाळू द्या. तांदळात ठेवू नका, कण आत जातात. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंग थांबवा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा. आणि हो, हॉल तिकिटाची प्रिंट काढून ठेवत जा!