ताणा-बाणा जुळला तरच गेमिंग कॉम्प्युटर

मुलाने गेमिंग कॉम्प्युटर मागितला की घरात चर्चा होते ती भारी ग्राफिक्स कार्डाची. पण भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको: ताणा कितीही चांगला असला, तरी बाण्याची कांडी रिकामी झाली की माग थांबतो. प्रोसेसर खेळाचा हिशेब करतो, कार्ड चित्र काढतं. प्रोसेसर मागे पडला, तर महागडं कार्ड नुसतं बसून राहतं.

घरचा स्क्रीन फुल एचडी, ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. त्याला सहा कोअरचा रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ४०६० ही जोडी पुरेशी आहे. सोबत ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय घ्यावा. त्यावरचा खर्च आम्ही इस्राफच म्हणू. त्यासाठी व्याजाचे हप्ते तर नकोतच.