गॅसवाला वरचे पैसे का मागतो? एका टाकीमागचं 73 रुपयांचं गणित

बेल वाजते. गॅसवाला खांद्यावरची टाकी उतरवतो आणि पावती पुढे करतो. एप्रिल 2025 ची मुंबईतली पावती असेल तर तिच्यावर आकडा आहे 852 रुपये 50 पैसे. घरातून 900 रुपये दिले जातात आणि सुटे परत येतच नाहीत. कुठे याला 'चढाईचे' म्हणतात, कुठे 'चहापाणी'. नियम मात्र स्पष्ट आहे. घरपोच देण्याचा खर्च पावतीच्या रकमेतच धरलेला असतो, मजला कितवाही असो.

मग हे वरचे पैसे येतात कुठून? त्यासाठी एजन्सीचा हिशोब बघावा लागतो.

गॅस एजन्सी म्हणजे वितरक. तो टाकीचा भाव ठरवत नाही. त्याला दर टाकीमागे ठरावीक कमिशन मिळतं आणि ते सरकार ठरवतं. एप्रिल 2025 मध्ये 14.2 किलोच्या घरगुती टाकीला हे कमिशन 73 रुपये 8 पैसे होतं. त्यातले 39.65 रुपये ऑफिस, गोदाम, कर्मचारी वगैरेंसाठी आणि 33.43 रुपये घरपोच पोहोचवण्यासाठी. टाकी 50 रुपयांनी महागली म्हणून कमिशन वाढत नाही. उलट वितरकाला जास्त भांडवल अडकवावं लागतं, कारण कंपनीकडून माल उचलताना पैसे आधी भरायचे असतात. 300 टाक्यांचा ट्रक मागवायचा तर दोन लाखांवर रक्कम गुंतते आणि सगळ्या टाक्या विकल्यावर कमिशन हातात येतं 22 हजारांच्या आत.

आता ते 33 रुपये कसे खर्च होतात ते बघू. समजा, शहरातला एक टेम्पो दिवसाला 80 टाक्या पोहोचवतो. सोसायट्या जवळजवळ, एका गल्लीत पाच-सहा गिऱ्हाइकं. डिलिव्हरीचे जमतात सुमारे 2,670 रुपये. त्यात ड्रायव्हर, हेल्पर, डिझेल आणि टेम्पोचा हप्ता ओढूनताणून बसतो.

तोच टेम्पो चार वाड्या-वस्त्यांवर फिरून 30 टाक्या देत असेल तर मिळतात फक्त 1,000 रुपये. साठ किलोमीटरच्या फेरीत साडेतीनशेच्या आसपास डिझेल जातं. उरलेल्या साडेसहाशेत दोन माणसांची मजुरी भागवायची. ती भागत नाही. म्हणून मग 'गाडी आठवड्यातून एकदाच येईल', 'फाट्यावर येऊन टाकी घेऊन जा' असे प्रकार सुरू होतात. अनेक ठिकाणी टाकी पोहोचवणाऱ्याला पगार न देता नगावर पैसे दिले जातात. भरलेली टाकी 29-30 किलोची. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत ती चौथ्या मजल्यावर चढवणारा माणूस वरचे वीस-तीस रुपये मागतो तेव्हा तो एजन्सीच्या हिशोबातली तूट ग्राहकाच्या दारात भरून काढत असतो. वसुली नियमबाह्यच, पण ती फक्त त्याच्या हावरटपणातून येते असं म्हणणं सोपं आणि चुकीचं आहे.

धंदा टिकतो तो खपावर. महिन्याला 10,000 टाक्या विकणाऱ्या एजन्सीला आस्थापना खर्चापोटी जवळपास चार लाख मिळतात; 2,000 विकणारीला 80 हजारही नाहीत. गोदाम मात्र दोघींनाही लागतं आणि स्फोटकं व ज्वलनशील मालाच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या 'पेसो' या नागपूरमध्ये मुख्यालय असलेल्या केंद्रीय संस्थेचे नियमही दोघींना पाळावे लागतात.

उज्ज्वला योजनेने 2016 पासून ग्रामीण भागात जोडण्या भरपूर वाढवल्या, पण या घरांमध्ये वर्षाला सरासरी चारच्या आसपासच टाक्या भरल्या जातात. म्हणजे गिऱ्हाईक कागदावर, फेरी मात्र रिकामी. दुसरीकडे मुंबई-पुण्यात पाइप गॅस नेमका त्याच दाट वस्तीच्या सोसायट्यांमध्ये शिरतोय, जिथे डिलिव्हरी सगळ्यात स्वस्त पडते.

तुटीतून आणखी एक मोह होतो. एप्रिल 2025 मध्ये मुंबईत घरगुती गॅस किलोला 60 रुपये पडत होता, तर हॉटेलवाल्यांची 19 किलोची टाकी किलोला 90 च्या आसपास. घरगुती टाकी मागच्या दाराने हॉटेलात जाते ती याच फरकामुळे. हा गुन्हा आहे, आणि यात भरडलं जातं ते बुकिंग करून वाट बघणारं घर.

त्याच महिन्यात भोपाळच्या अधिवेशनात वितरकांच्या संघटनेने कमिशन किमान 150 रुपये करा, नाहीतर तीन महिन्यांनी बेमुदत संप, असा इशारा दिला. कमिशन हा टाकीच्या किमतीचाच भाग असल्यामुळे वाढ झाली तर ती ग्राहकाने, सरकारने किंवा तेल कंपन्यांनी, कुणीतरी सोसावी लागणार.

तोवर ग्राहकाच्या हातात काय? गोदामातून स्वतः टाकी आणली तर डिलिव्हरीची रक्कम बिलातून वजा करून मागता येते. दारात वजन करून मागायचा हक्क आहे, काटा सोबत ठेवणं डिलिव्हरीवाल्याचं काम. जादा पैशांची सक्ती झाली तर 1800-2333-555 वर तक्रार करता येते. गॅसगळतीसाठीचा नंबर वेगळा आहे, 1906.