घर आधी कागदावर बांधावे

घर बांधणे हा व्यापारी माणसाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार होय. रोजकिर्दीतील दहा रुपयांचा फरक रात्री जागून शोधणारे आपण, घराच्या बाबतीत मात्र एखाद्या आप्ताचा नकाशा मागून आणतो व पायाखणणीचा मुहूर्त काढून मोकळे होतो. पुढे स्लॅब पडल्यावर जिना गैरसोयीचा वाटतो, भिंत फोडावी लागते आणि दुकानाचे भांडवल विटांत अडकते. कागदावरील चूक रबराने पुसता येते. भिंतीतील चुकीला छिन्नी आणि रोकड लागते. म्हणून काटकसर करावयाची ती नकाशा ठरण्यापूर्वीच.

कल्पनांसाठी प्रथम आपल्या बेळगाव भागातील जुनी घरे पाहावीत. चौकातून येणारा उजेड, जांभ्या दगडाच्या भिंतींचा गारवा, पावसाला अडविणारी खोल पडवी यांची मोजमापे टेप लावून टिपून घ्यावीत. वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात राहून अल्पखर्ची घरे बांधली व खर्च कमी करण्याच्या युक्त्या सचित्र पुस्तिकांतून सांगितल्या. विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात व घरही थंड राहते. मात्र हे काम जाणता गवंडीच करू जाणे.

आता साधा हिशोब पाहू. ३० फूट लांब व ३० फूट रुंद घराचे क्षेत्र ९०० चौरस फूट, बाहेरील भिंत १२० फूट. तेच क्षेत्र ६० बाय १५ केले तर भिंत १५० फूट होते. जागा तितकीच, भिंत सव्वापट! आकार जितका सुटसुटीत, तितका खर्च कमी. तसेच स्वयंपाकघर व न्हाणीघर यांची एकच भिंत ठेवल्यास नळकामही आखूड होते.

इतकी तयारी झाल्यावर वास्तुशिल्पज्ञाकडे जावे. १९७२ च्या कायद्यान्वये त्यांची नोंदणी होते. ती पाहून घ्यावी. आपल्या गरजांची यादी, खर्चाची मर्यादा व कपाट-पलंगांची मापे त्यांच्यापुढे ठेवावीत. त्यांचे शुल्क वाचविण्याच्या मोहात पडू नये. पुढील तोडफोडीपेक्षा ते स्वस्तच पडते.

अखेरीस, मंजुरीसाठी नकाशा देण्यापूर्वी रिकाम्या जागेवर फक्कीने खोल्या आखाव्यात व घरातील सर्वांनी त्यांतून फिरून पाहावे. माजघर अपुरे पडेल हे घरातील स्त्रियांना त्या रेघांतच कळते. त्यांचा शब्द तेव्हाच ऐकावा. फक्की पुसावयास एक झाडू पुरतो.